कमी खर्चात चेहऱ्याची काळजी : नेमकं काय लागतं आणि काय नाही?

‘‘दादा, चेहऱ्यावर डाग पडलेत. काहीतरी द्या, पण फार महाग नको.’’ तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य ऐकायला मिळतं. समोरून एक छोटी ट्यूब येते. आठवड्याभरात चेहरा उजळतो, डाग फिके पडतात. मग तीच ट्यूब मैत्रिणीला सांगितली जाते, बहिणीला दिली जाते. पुढे काही महिन्यांनी चेहरा लाल होऊ लागतो, उन्हात गेलं की आग होते, बारीक केस दिसू लागतात आणि ट्यूब बंद केली की सगळं दुपटीने परत येतं.

दुसरीकडे मोबाइलवर दहा पायऱ्यांचं ‘स्किन केअर रूटीन’ असतं. फेसवॉश, टोनर, इसेन्स, सीरम, आय क्रीम अशी ती यादी. सगळं घ्यायचं म्हटलं तर हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीचा महिन्याचा मेसचा खर्च त्यात जाईल. परवडत नाही म्हणून अनेक जण या दोन टोकांपैकी स्वस्त वाटणाऱ्या टोकाकडे, म्हणजे त्या ट्यूबकडे वळतात.

या दोन्हींच्या मध्ये एक साधा, कमी खर्चाचा आणि सुरक्षित रस्ता आहे. तो समजून घ्यायचा तर आधी त्वचेचं काम काय, हे पाहावं लागेल.

त्वचेला मुळात काय हवं असतं?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे त्या विटांना धरून ठेवणारा चुना. ही भिंत शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, जंतू, रसायनं बाहेर राहतात. ‘चुना’ निघून गेला की त्वचा कोरडी पडते, ओढल्यासारखी वाटते, चुरचुरते आणि पूर्वी सहज चालणाऱ्या वस्तूही झोंबू लागतात.

म्हणजे रोजच्या काळजीची कामं तीनच आहेत. भिंत न खरवडता मळ आणि तेल काढणं, भिंतीतलं पाणी टिकवणं आणि उन्हापासून बचाव करणं. साध्या भाषेत धुणं, ओलावा राखणं आणि सावली देणं. बाजारातल्या बाकी सगळ्या वस्तू या तिघांच्या नंतर येतात. पैसे कमी असतील तर ते याच तीन कामांवर खर्च व्हायला हवेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. वरच्या त्वचेच्या पेशी खालून तयार होऊन वर येतात आणि झडतात, याला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून कुठल्याही चांगल्या उपायाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. दर पंधरा दिवसांनी वस्तू बदलल्या तर पैसेही जातात आणि काय लागू पडलं तेही कळत नाही.

चेहरा कशाने धुवायचा?

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा पीएच मात्र नऊ-दहा, म्हणजे अल्कधर्मी. त्यामुळे साबणाने चेहरा धुतल्यावर तो करकरीत स्वच्छ वाटतो, पण ते ओढल्यासारखं वाटणं म्हणजे स्वच्छता नव्हे. मळाबरोबर ‘चुना’ही थोडा निघून गेल्याची ती खूण असते.

साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ हा आकडा असतो. साबणात स्निग्ध पदार्थ किती, हे तो सांगतो. भारतीय मानकांनुसार पहिल्या दर्जाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या दर्जात ७० आणि तिसऱ्या दर्जात ६० टक्के असावा लागतो. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वड्यांमध्ये तो याहूनही कमी असू शकतो. टीएफएम जास्त असलेला साबण तुलनेने कमी कोरडेपणा आणतो. पण तो अखेर साबणच, त्यामुळे त्याचा पीएच खाली येत नाही.

चेहऱ्यासाठी त्याहून बरा पर्याय म्हणजे साबणविरहित वडी किंवा सौम्य फेसवॉश. या वड्यांना ‘सिंडेट बार’ म्हणतात. त्या साध्या साबणापेक्षा महाग असतात, पण फक्त चेहऱ्यासाठी वापरल्या आणि खाली पाणी साचणार नाही अशा जाळीच्या साबणदाणीत ठेवल्या तर बराच काळ पुरतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि त्वचेवर चिकट थर राहतो, हा अनुभव अनेक गावांत रोजचा आहे. साबणविरहित वडीने तसा थर बसत नाही.

दिवसातून दोनदा धुणं पुरेसं आहे. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी आणि रात्री वडी, एवढंच चालतं. खूप गरम पाणी, खरखरीत स्क्रब आणि टॉवेलने खसाखसा पुसणं या तिन्ही गोष्टी टाळल्या की फायदा होतो. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

मॉइश्चरायझर : महागडी डबी की साधी?

मॉइश्चरायझर दोन प्रकारे काम करतं. काही घटक पाणी धरून ठेवतात, उदाहरणार्थ ग्लिसरीन. काही घटक वरून झाकण घालतात, उदाहरणार्थ पेट्रोलियम जेली. ही दोन्ही शतकाहून जुनी आणि स्वस्तातली द्रव्यं आहेत. पेट्रोलियम जेलीचं अमेरिकी पेटंट १८७२ सालचं आहे आणि त्वचेतून उडून जाणारं पाणी रोखण्यात आजही तिच्या तोडीची द्रव्यं फार थोडी आहेत.

म्हणून डबीवरच्या फुलांच्या, फळांच्या आणि सोन्याच्या चित्रांपेक्षा मागची घटकांची यादी महत्त्वाची. या यादीत सहसा जास्त प्रमाणात असलेला घटक आधी लिहितात. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीनचं नाव असेल तर ते चांगलं लक्षण. डबीवर ‘केशरयुक्त’ लिहिलं असेल आणि केशराचं नाव यादीच्या अगदी शेवटी असेल, तर ग्राहक कशाचे पैसे देतोय ते कळतं.

त्वचा तेलकट असेल, मुरूम येत असतील तर हलकं लोशन किंवा जेल घ्यावं. त्वचा कोरडी असेल तर घट्ट क्रीम. थंडीत ओठ, नाकाच्या कडा आणि फुटलेल्या गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो. शुद्ध ग्लिसरीन मात्र तसंच चोपडू नये. त्यात पाणी मिसळून पातळ करावं. मॉइश्चरायझर कुठलंही असो, चेहरा धुतल्यावर तो किंचित ओला असतानाच लावलं तर कमी लागतं आणि जास्त काम करतं.

सुगंधावर पैसे घालवायची गरज नाही. उलट नाजूक त्वचेला सुगंधी द्रव्यांचीच ॲलर्जी येण्याची शक्यता अधिक असते.

सनस्क्रीन : सगळ्यात मोठा खर्च इथेच

गडद त्वचेतल्या मेलॅनिनमुळे आपल्याला उन्हाने भाजण्याचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा कमी असतो. मग सनस्क्रीन कशाला? तर डागांसाठी. मुरुमांचे काळे डाग आणि गालावरचे वांग उन्हाने गडद होतात आणि लवकर जात नाहीत. डागांवर कितीही महागडं क्रीम लावलं आणि दुपारी उघड्या चेहऱ्याने दुचाकीवर फिरलं, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

सनस्क्रीनवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या अतिनील-बी किरणांपासून मिळणारं संरक्षण सांगतो. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के किरणं अडवतो. म्हणजे ३० आणि ५० मधला फरक किमतीत दिसतो तेवढा संरक्षणात नसतो. ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हं अतिनील-ए किरणांबद्दल सांगतात. डागांसाठी हे संरक्षणही लागतं. एसपीएफ ३० आणि पीएपुढे निदान तीन अधिक चिन्हं, एवढं पाहिलं तरी रोजच्या वापराला पुरतं.

खरी गोम आहे ती प्रमाणात. हे आकडे प्रयोगशाळेत जाड थर लावून मोजलेले असतात. चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम सनस्क्रीन लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा म्हणजे जवळपास तेवढं. अनेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. महागडी ट्यूब पुरवून पुरवून लावण्यापेक्षा परवडणारी ट्यूब पुरेशी लावणं जास्त कामाचं.

उन्हात काम करणाऱ्यांनी सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. शेतात राबणारी बाई, रिक्षाचालक किंवा डिलिव्हरीचं काम करणारा तरुण यांना ते परवडणार कसं? त्यांच्यासाठी कापड हाच पहिला उपाय. रुंद काठाची टोपी, छत्री, डोक्यावरून घेतलेला पदर, चेहऱ्याला बांधलेला दाट विणीचा स्कार्फ किंवा गमछा. कापड एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं आणि घामाने वाहून जात नाही. साधारण अकरा ते चार या वेळेत शक्य तिथे सावली धरली तर खर्च आणखी कमी होतो.

महिन्याचा हिशेब कसा मांडायचा?

किंमत ट्यूबची पाहू नये, ग्रॅमची पाहावी. बहुतेक पाकिटांवर आता एमआरपीजवळच एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो. तो नसेल तर किमतीला वजनाने भागायचं. मग ती वस्तू रोज किती लागते, यावरून महिन्याचा खर्च निघतो.

उदाहरणादाखल असं समजू की १५० रुपयांची वडी चेहऱ्याला दोनदा वापरून दोन महिने पुरते. म्हणजे महिन्याला ७५ रुपये. मॉइश्चरायझरची १०० ग्रॅमची बाटली १५० रुपयांची आहे आणि रात्री एक ग्रॅम लागतं, तर महिन्याला ४५ रुपये. सनस्क्रीनची ५० ग्रॅमची ट्यूब ३०० रुपयांची आहे आणि सकाळी एकदा सव्वा ग्रॅम लागतं, तर ती ४० दिवस पुरेल, म्हणजे महिन्याला २२५ रुपये. एकूण ३४५ रुपये. प्रत्यक्षातल्या किमती वेगळ्या असतील, पण गणित याच पद्धतीने करायचं.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जवळपास दोन तृतीयांश खर्च एकट्या सनस्क्रीनचा आहे. त्यामुळे काटकसर करायची तर सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे आणि तो वाव कापड आणि सावली देतात.

महिन्याला शंभर रुपयेच असतील तर रात्री वडी, सकाळी नुसतं पाणी, रात्री मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना छत्री किंवा स्कार्फ. एकदाच वापरल्याने वडी चार महिने जाते आणि वरच्याच हिशेबाने खर्च ८५ रुपयांच्या आत बसतो. दोनशे-अडीचशे असतील तर उरलेल्या पैशांतून सनस्क्रीन घ्यावं आणि जास्त उन्हात जायचं त्या दिवशी पुरेसं लावावं. साडेतीनशे असतील तर तिन्ही गोष्टी रोज. यापुढचा प्रत्येक रुपया हा हौसेचा, गरजेचा नव्हे. हौस करायला हरकत नाही, पण तिला गरज समजून उसनवारी करू नये.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं काय?

घरातली वस्तू फुकट असते, पण ती निरुपद्रवी असतेच असं नाही. सगळ्यात जास्त नुकसान लिंबू करतं. त्याच्या रसाचा पीएच साधारण दोन असतो. म्हणजे त्वचेसाठी ते चांगलंच तीव्र आम्ल आहे. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. डाग घालवायला लावलेलं लिंबू नवे डाग देऊन जातं. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, अल्कधर्मी. तोही नको. मुरुमावर टूथपेस्ट लावण्याचा उपायही त्वचा जाळतो.

डाळीचं पीठ किंवा दिवाळीचं उटणं अधूनमधून, पाणी किंवा दूध घालून, न चोळता लावलं तर बहुतेकांना त्रास होत नाही. रोज घासायला मात्र ते खरखरीत आहे. मुलतानी माती तेल शोषते, त्यामुळे तेलकट त्वचेला तात्पुरतं बरं वाटतं आणि कोरडी त्वचा आणखी कोरडी होते. खोबरेल तेल हातपाय, कोपरं, टाचा यांच्यासाठी उत्तम. चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर मात्र ते टाळावं, कारण त्याने रंध्रं बुजू शकतात.

नवी वस्तू कुठलीही असो, घरची किंवा विकतची, आधी हाताच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. खाज, पुरळ किंवा आग झाली नाही तरच ती चेहऱ्याला लावावी.

टोनर, सीरम, फेशियल घ्यायचं की नाही?

टोनर आला तो अल्कधर्मी साबणानंतर त्वचा पुन्हा आम्लधर्मी करण्यासाठी. सौम्य वडी वापरली तर त्याची गरजच उरत नाही. डोळ्यांभोवतीचं वेगळं क्रीम म्हणजे बहुतेक वेळा छोट्या डबीतलं महागडं मॉइश्चरायझर. ‘व्हिटॅमिन सी’ सीरम हवा आणि उजेडाने खराब होतं. ते गडद तपकिरी झालं असेल तर पैसे वाया गेले असं समजावं. नायसिनामाइड हा घटक तेलकटपणा आणि डागांसाठी उपयोगी आहे, पण तो अनेक साध्या मॉइश्चरायझरमध्येही असतो. घटकांची यादी वाचली की वेगळ्या सीरमचे पैसे वाचू शकतात.

मुरुमांसाठी स्वस्त आणि परिणामकारक द्रव्य म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्क्यांचं जेल पाच किंवा दहा टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि त्वचा कमी जाळते, असं जुन्या तुलनात्मक अभ्यासातही दिसलं आहे. म्हणून जास्त टक्क्यांच्या मागे लागू नये. ते सुरुवातीला दिवसाआड, पातळ लावावं. त्याने टॉवेल, उशीचे अभ्रे आणि ओढणीचा रंग उडतो, हेही लक्षात ठेवावं. मुरूम फोडू नयेत. मुरुमापेक्षा त्याचा डाग जास्त काळ टिकतो आणि त्यावरचा खर्चही जास्त.

ती स्वस्त ट्यूब इतकी महाग का पडते?

सुरुवातीला उल्लेख आलेल्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही त्यातली नेहमीची नावं. इसब किंवा सोरायसिससारख्या आजारांत, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही चांगली औषधं आहेत. वांगासाठीही हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचं मिश्रण डॉक्टर थोड्या काळासाठी देतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा तेच मिश्रण ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून महिनोन् महिने लावलं जातं.

स्टेरॉइडने सूज दबते आणि रंग फिका पडतो, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते. पण लांबल्यावर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उठतात, नको तिथे केस येतात. क्रीम थांबवलं की आग आणि लाली इतकी वाढते की माणूस पुन्हा तेच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं आहे, ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’.

हे प्रमाण किती? देशातल्या १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही मागितली की ट्यूब मिळते, असं चित्र अनेक ठिकाणी आहे.

ओळखायचं कसं? खोक्यावर ‘आरएक्स’ हे चिन्ह किंवा ‘शेड्यूल एच’ असे शब्द असतील तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. घटकांच्या नावाचा शेवट ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असा होत असेल तर थांबावं आणि विचारावं. असं क्रीम आधीच बरेच महिने लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवावी. थांबवल्यावर होणारी आग म्हणजे त्या क्रीमची गरज असल्याची खूण नव्हे. ती सवय सुटतानाची तक्रार असते आणि उपचारांनी हळूहळू कमी होते.

लेबल नसलेल्या डब्या

याहून घातक असतात त्या कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी यांपैकी काहीच नसलेल्या डब्या. त्यांत पारा असू शकतो. पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. त्याची वाफ घरातल्या इतरांच्या, लहान मुलांच्याही श्वासात जाते. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळायला परवानगी नाही. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार झालेल्या २२ रुग्णांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरल्याचं सांगितलं. ‘मुलगी बघायला येणार आहेत’ म्हणून चार आठवडे लावलेल्या डबीची किंमत अशी मोजावी लागू शकते. चेहरा उजळत असताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावं, डबी सोबत घेऊन.

‘गोरेपणा’ हे उद्दिष्टच मुळात खर्चाचं मूळ आहे. उन्हाने रापलेला रंग सावलीने हळूहळू पूर्ववत होतो, डाग फिके होऊ शकतात, पण जन्मजात वर्ण कुठलंही क्रीम सुरक्षितपणे बदलत नाही.

डॉक्टरकडे कधी आणि कुठे?

मुरूम मोठे, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतील तर घरी प्रयोग करत बसू नये. मानेच्या घडीत किंवा कपाळाच्या कडेला मखमलीसारखा काळा थर येत असेल तर तो मळ नव्हे. घासून तो जात नाही. अनेकदा तो वाढतं वजन आणि रक्तातल्या इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असतो, म्हणून साखर तपासावी. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. गरोदरपणात डागांची किंवा मुरुमांची कुठलीही औषधी क्रीमं विचारल्याशिवाय लावू नयेत.

खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाची चौकशी करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगावं. ते जनऔषधी केंद्रात मिळालं तर बरेच पैसे वाचतात.

आणि पुढच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर ‘काहीतरी द्या’ म्हणण्याऐवजी नाव घेऊन मागावं. ‘साबणविरहित वडी’, ‘ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर’, ‘एसपीएफ ३० चं सनस्क्रीन’. समोरून वेगळीच ट्यूब आली तर खोकं उलटं करून घटक वाचावेत आणि ‘यात स्टेरॉइड आहे का?’ एवढं विचारावं. उत्तर ‘हो’ असेल किंवा टाळाटाळ होत असेल, तर ट्यूब परत करावी.